मधली जाळी

दादाने खडूने जमिनीवर मोठा चौकोन आखला आणि मागे सरून पाहिलं. रेघ थेट कामाच्या बाकाखालून गेली होती. मोठा रोबो घ्यायचा तर त्याच्याभोवती माणसाच्या उंचीची जाळी हवी, आणि एवढ्याशा शेडमध्ये तिला दुसरी जागा नव्हती. म्हणजे बाकाचे दोन तुकडे करायचे, एक जाळीच्या या बाजूला, एक त्या.

"बरंच होईल," तो म्हणाला. "या दोघींच्या मधे जाळी आली की कारखान्यातही शांतता आणि घरातही."

या दोघी म्हणजे त्याची बायको आणि धाकट्या भावाची बायको. जावाजावांचं सख्य विळ्याभोपळ्याचं. दिवसभर समोरासमोर बसून दारांच्या हँडलच्या कडा कानशीने घासायच्या आणि जिभेने एकमेकींना. आताही धाकटीने थोरलीच्या टोपलीतलं हँडल उचललं, "हे काय घासलंत जाऊबाई, हात कापेल एखाद्याचा," म्हणून फणकारली, राहिलेली कड साफ केली आणि हँडल परत टोपलीत टाकलं. सकाळपासून हेच चाललं होतं.

तिकडे भावाभावांचं जुंपलं होतं. दादाचं म्हणणं, मोठा रोबो वाऱ्यासारखा काम करतो, घ्यायचा तर तोच. धाकट्याचा जीव जडला होता बाकावर चाचणीसाठी आणलेल्या छोट्या रोबोवर. हा सावकाश काम करतो, पण याला जाळी लागत नाही. माणसाचा हात लागला की जागच्या जागी थांबतो. आपल्याकडे आज हँडल, उद्या बिजागरी, परवा कडी. याचा हात धरून नवं काम एकदा दाखवलं की झालं, मोठ्याची मात्र दर वेळी नव्याने सगळी मांडणी करावी लागणार. दादा म्हणाला, गोगलगाय पाळायची हौस असेल तर घरी पाळ.

एरवी थोरलीने या वादात उडी घेतली असती. आज तिची नजर खडूच्या रेघेवरून हलत नव्हती. तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर होत चालली होती. कड गुळगुळीत झाली की नाही, हे आता बोटांना कळत नव्हतं. नवऱ्याला कळलं असतं तर काळजीपोटीच त्याने तिला घरी बसवलं असतं, आणि घरी बसणं म्हणजे तिच्या लेखी जिवंतपणी भिंतीवर फोटो लागणं. म्हणून तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. पण जाळीपलीकडे एकटीने घासलेला माल पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकणार होता.

दादाने तिच्या टोपलीतलं हँडल उचलून कडेवरून अंगठा फिरवला.

"हिचा हात बघ," तो भावाला अभिमानाने म्हणाला. "लोण्यासारखी कड."

थोरलीने मान वर केली नाही. धाकटीने कानस खाली ठेवली.

"भावोजी, जाळी नको," ती म्हणाली. "पलीकडे माझा हात पोचणार नाही. जाऊबाईंच्या चुका काढल्याशिवाय माझा दिवस जात नाही."

दोघे भाऊ पोट धरून हसले. दादाने खडूच्या रेघेकडे पाहिलं, मग बिजागऱ्यांच्या न उघडलेल्या खोक्यांकडे. ते काम उद्यापासूनच सुरू करायचं होतं. ज्यांच्यासाठी शांतता हवी त्यांनाच ती नको असेल तर आपण कशाला जिवाचं रान करा, असं काहीसं पुटपुटत त्याने चपलेने रेघ पुसली. बघू तुझी गोगलगाय काय दिवे लावते, असं भावाला बजावून तो त्याला घेऊन बाहेर गेला.

छोटा रोबो एकेक हँडल उचलून दोघींच्या पुढ्यात ठेवत होता. थोरलीने हात पुढे करून त्याच्यावर बोटं टेकवली. तो थांबला.

"याला कळतं, हात लागलेला," ती हळूच म्हणाली. "मला नाही गं कळत."

"ठाऊक आहे मला."

थोरलीला वाटलं आता रडू येणार, पण आलं हसू. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

"हात काढा आता, काम अडलंय बिचाऱ्याचं," धाकटी म्हणाली. तिने थोरलीच्या टोपलीतलं सगळ्यात वरचं हँडल उचललं, दाराकडे एक नजर टाकली आणि बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने फणकारली, "हे काय घासलंत जाऊबाई?"