हयातीचा दाखला

"बाई, तुमचे साहेब हयात आहेत," खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला. "विम्याची रक्कम देणार कशी?"

"त्यांच्या अस्थी मी स्वतः नदीत सोडल्यात, गेल्या वर्षी मार्चमध्ये," प्रमिलाबाई कडाडल्या.

"पण त्यानंतर गेल्या नोव्हेंबरात त्यांनी पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरलाय. चेहरा जुळला, आवाज जुळला."

प्रमिलाबाईंनी पिशवीतल्या टॅबकडे जळजळीत नजरेने पाहिलं. आईला सोबत व्हावी म्हणून मुलीने वडिलांचं मन मरणाआधीच त्यात उतरवून घेतलं होतं. कोषागारात जन्म घालवलेल्या त्या माणसाने मेल्यावरही नोव्हेंबर चुकवला नव्हता.

"मग बंदच करते यांना. आत्ता, तुमच्यासमोर."

"करा की. पण नॉमिनीनेच जीव घेतला, तर नॉमिनीला विमा मिळत नाही. कलम नऊ."

"जनाची नाही, मनाची तरी लाज बाळगा."

उत्तर पिशवीतून आलं, आयुष्यभर म्हाताऱ्याकोताऱ्यांना खिडकीवरून परत पाठवणाऱ्या त्याच थंड आवाजात.

"त्यांच्यावर कशाला डाफरतेस? कलम बरोबर आहे त्यांचं. चल घरी, नोव्हेंबर लागलाय. यंदाचा दाखला भरायचा राहिलाय माझा."