डाव्या पायाची टाच

"आज राइट फिल्डला जा," मोरेश्वर म्हणाला. बुटाची लेस बांधता बांधता म्हणाला. वर बघितलंच नाही.

अनुपने गाडीची डिकी उघडी धरली होती. आत सॉफ्टबॉलच्या कॅचरचं सगळं सामान. मास्क, छातीचं पॅड, पायाचे गार्ड. नऊ वर्षं हे सामान त्याच्याच डिकीत होतं. बायको, सुजाता, गाडीत बसली की आधी काच खाली करायची.

"गुडघ्यामुळे?"

"चार मॅच बघतोय. बसतोस नीट, पण उठताना जमिनीला हात लावतोस. अर्णव बसेल आज मागे."

मोरेश्वर कॅप्टन होता, फर्स्ट बेसला उभा राहायचा. वाद घालण्यात अर्थ नव्हता. अनुप हॉस्पिटलातली सीटी स्कॅनची नाइट ड्युटी संपवून सरळ सलवातल्या मैदानावर आला होता. सकाळचे साडेसहा, आणि ऊन आत्तापासूनच चावत होतं.

"आणि त्याला शिकव जरा. तू ओरडतोस ते."

त्यांच्या टीममध्ये कॅचर बोटांच्या खुणा करत नसे. अर्धे जण जळगाव-अमरावतीकडचे, कॉलेजात सॉफ्टबॉल खेळून आलेले. इथे आखातात समोर बहुतेक वेळा फिलिपिनो टीम. मग कॅचरने बॅटरच्या मागे बसून सरळ मराठीत ओरडायचं, पिचरने तसा बॉल टाकायचा. समोरच्याला कळत नाही, मिटला विषय.

अर्णव तेवीस वर्षांचा. जन्म इथलाच. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्लिशमध्ये यायचं.

"आत म्हणजे अंगाजवळ. बाहेर म्हणजे लांब. दमानं म्हणजे स्लो," अनुपने सांगितलं.

"दमानं. ओके. बट व्हेन, काका?"

अनुपने पायाचे गार्ड त्याच्या हातात दिले. "कळेल तुला."

कळणार नव्हतं. अनुपला ते चांगलं माहीत होतं.

राइट फिल्ड म्हणजे पार लांब, नुसतं उभं राहायचं काम, असं त्याला नऊ वर्षं वाटायचं. तसं नव्हतं. इनफिल्डमधून फर्स्ट बेसला थ्रो निघाला की राइटवाल्याने बेसच्या मागे पळत जायचं. थ्रो निसटला तर अडवायला. निसटत नाही. तरी पळायचं. सहा इनिंगमध्ये तो अकरा वेळा पळाला. बॉल एकदाही त्याच्यापर्यंत आला नाही.

पाणी प्यायला आला तेव्हा रामोन शेजारी येऊन उभा राहिला. समोरच्या टीमचा कॅप्टन, अनुपच्याच हॉस्पिटलात नर्स, मोडकं हिंदीही तिथेच शिकलेला.

"अनुप भाई, तुम हमारा टीम आओ. कॅचर का जगह खाली है."

"मेरा घुटना देखा?"

"घुटना नहीं मांगता." रामोन हसला. "वो तुम पीछे से चिल्लाता है ना, वो मांगता."

अनुपही हसला. पण 'नाही' म्हणाला नाही.

शेवटची इनिंग. अनुपच्या टीमकडे एका रनची आघाडी, समोरचे दोन आउट, थर्ड बेसवर त्यांचा माणूस. बॅटिंगला रामोन. अर्णव पहिल्यापासून एकच ओरडत होता, बाहेर, बाहेर. रामोनने तसले दोन बॉल लांब मारले. दोन्ही रेषेबाहेर, फाउल गेले, पण थोडक्यात.

पिचर अनिकेत थांबला. बॉल ग्लोव्हमध्ये धरून वळला आणि राइटला बघत राहिला. अनुपकडे.

अनुपने मान खाली घातली. आपण गप्प बसलो की काय होणार, ते त्याला दिसत होतं. मॅच जाईल. पुढच्या शुक्रवारी मोरेश्वर म्हणेल, बस बाबा मागे तूच.

मग त्याने हात वर केला. "टाइम!"

"अरे, तू कुठे निघालास?" मोरेश्वर फर्स्ट बेसवरून ओरडला.

अनुप पळत आत आला. अर्णवशेजारी उकिडवा बसला, मास्कजवळ तोंड नेलं.

"त्याचा डावा पाय बघ. अनिकेतने हात हलवायच्या आधीच टाच उचलली, तर त्याला घाई झालीय. तेव्हा दमानं."

"दॅट्स ऑल?"

"हो."

अर्णवने मास्क वर केला. "मग सकाळी का नाही सांगितलं?"

मराठीत विचारलं त्याने. अनुपने जमिनीला हात लावला आणि उठला.

तो परत राइटला पोचून वळतोय, तेवढ्यात मागून आवाज आला. "दमाऽनं!" तस्साच. मधला 'मा' लांबवून, अनुप लांबवायचा तसा.

रामोनची बॅट आधीच फिरली. बॉल कसाबसा लागला आणि घरंगळत सेकंड बेसकडे गेला. तिथून थ्रो निघाला. अनुप पळाला. बॉल मोरेश्वरच्या ग्लोव्हमध्ये बसला. आउट. सगळे अनिकेतच्या अंगावर जाऊन पडले. अनुप फर्स्ट बेसच्या मागे, जाळीपाशी, गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. बारावी वेळ.

पार्किंगमध्ये अर्णव सगळं सामान छातीशी धरून आला. घामाने निथळत होता.

"काका, डिकी उघडा ना."

"तुझ्या गाडीत टाक."

अर्णवने घसरणारा मास्क हनुवटीने दाबून धरला.

"घरी गेलास की गॅलरीत वाळत घाल," अनुप म्हणाला. गाडीत बसला, दार ओढलं, सवयीने काच खाली केली. "आणि आईला आधीच सांगून ठेव. वास जात नाही."