सुतळीच्या मापाचा माऊस

लोटन आबांनी माऊस कानाशी धरला आणि बोटाच्या पेराने वाजवून पाहिला. खाली ठेवला. दुसरा उचलला, वाजवला, मग त्याचा वासही घेतला.

"आबा, तो पिकायचा नाही," हितेंद्र म्हणाला. गोलाणी मार्केटात त्याचं दुकान होतं. बारा वर्षांत माऊसचा वास घेणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं.

"सवय शे भाऊ. तीस वरीस डांगर विकी ऱ्हायनू."

एरंडोलच्या बाजारात आबांचा खरबुजांचा ढीग असायचा. खान्देशात खरबुजाला डांगरच म्हणतात.

गेल्या वेळचा माऊस त्यांनी एरंडोललाच, असाच वाजवून घेतला होता. लेकीने, नूतनने, मागितला होता. ती पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करायची. लॅपटॉपवर बोट घासून घासून तिचं मनगट दुखायचं. आबांनी दुकानातला सगळ्यात मोठा, सगळ्यात जड माऊस उचलला. डांगर तसंच निवडतात. त्या माऊसला सात रंगांचे दिवे होते आणि गाय बांधता येईल एवढी वायर होती. नूतनचा पंजा त्याच्या अर्ध्यापर्यंत पोचायचा. "मस्त शे आबा," ती म्हणाली आणि आठवडाभर दोन्ही हातांनी तो चालवला. मग तो गच्चीवर पापडांचं कापड उडू नये म्हणून ठेवलेला दिसला आणि नूतन परत बोट घासताना दिसली. तक्रार तिने केली नाही. आबांना तेच लागलं.

"या टायमाले चूक नको," ते म्हणाले. "वायर नको, दिवे नको. धाकला पाहिजे."

हितेंद्रने काचेवर सात वायरलेस माऊस मांडले. "कोणासाठी?"

"लेकीसाठी. आखाजीले येई ती."

हितेंद्रला सगळं समजलं. अक्षय्य तृतीया चार दिवसांवर होती. आखाजीला लेकी माहेरी येतात. त्याची स्वतःची बहीण चाळीसगावहून निघायच्या बेतात होती. "ताईंचा हात केवढा आहे?"

आबांनी खिशातून सुतळीचं एक कडं काढलं. गाठ मारलेलं, बांगडीपेक्षा जरासं मोठं. "माप आणेल शे. याच्यावर बसाले पाहिजे. आत पडाले नको, बाहेर लोंबाले नको."

हाताचं माप सुतळीत आणलेलं हितेंद्र पहिल्यांदाच बघत होता. पण गिऱ्हाईक वास घेणारं होतं. त्याने कडं अलगद दोन बोटांत धरलं आणि एकेक माऊस ठेवून पाहिला. चार बाहेर लोंबले. दोन खाली पडले. सातवा बसला.

"सेल किती दिवस चालस?"

"वर्षभर आरामात."

"मंग बास. पुढल्या आखाजीले बदलसू." आबांचा चेहरा जरा उजळला. "आणि लांबून किती चालस?"

"दहा मीटर."

आबांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात घरातून चालून आले. "लॅपटॉप मधल्या खोलीत. तठून देवघर आठ पावलं. चाली जाई."

"ताई देवघरात बसून काम करतात?"

"आते तठेच बसी ती."

धार्मिक असतील, हितेंद्रला वाटलं. हल्ली घरून काम करणारे कुठेही बसतात. त्याने आबांच्या हातात माऊस दिला. "दाबून बघा. सायलेंट आहे, अजिबात आवाज नाही."

आबांनी दाबला. पुन्हा दाबला. मग कानाशी नेऊन दाबला आणि एकदम घाबरून काचेवर ठेवून दिला.

"हाऊ नको. आवाजवाला दे. तिनं दाबा, की आमले ऐकू येवाले पाहिजे."

त्याच मापाचा आवाजवाला निघाला. टिक. आबांनी मान डोलावली. वॉरंटीच्या कार्डावर हितेंद्रने नूतनचं नाव घातलं.

"ताईंचा मोबाइल नंबर?"

"बंद शे. मना टाक."

"बरं. आवडला नाही तर सात दिवसांत आणा, बदलून देतो. त्यांना विचारा मात्र."

"मांगे बी काही बोलनी नही ती," आबा म्हणाले.

हितेंद्रला हे गिऱ्हाईक आवडलं होतं. त्याने एक माऊसपॅड फुकट दिला. "ताईंना माझ्याकडून आखाजीची भेट सांगा."

"सांगसू," आबा म्हणाले, आणि पिशवी छातीशी धरून स्टँडकडे निघाले.

आखाजीच्या पहाटे नूतनच्या आईने, भिकुबाईंनी, उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढली. एकेक बोट, एकेक नाव. आबांचे आजोबा. आबांचे वडील. आबांची आई. चौथ्या बोटाला त्यांचा हात थांबला. मग त्यांनी तेही ओढलं.

आखाजीला घरी लेकी येतात आणि पितर येतात. लोटन आबांकडे गेल्या भादव्यात, नूतनच्या तीन दिवसांच्या तापानंतर, दोन्ही एकच झालं होतं.

देवघरापाशी पाण्याने भरलेल्या मातीच्या घागरी मांडल्या होत्या, एकेका पितराची एकेक. प्रत्येकीच्या तोंडावर डांगर. शेवटची घागर नवी होती, सगळ्यांत धाकली. ती बापाने भरली होती. तिच्याखाली माऊसपॅड होता. तिच्या तोंडावर, डांगराच्या जागी, आबांनी माऊस ठेवला. तो आत पडला नाही, बाहेर लोंबला नाही.

मधल्या खोलीत लॅपटॉप सुरू होता. दोघं भिंतीला टेकून बसली.

"पंखा बंद करा," भिकुबाई म्हणाल्या. "ऐकू येवाव नही."