धोपटणं

वीस वर्षं मी साजगावच्या गॅरेजात गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ केले. सरळ पत्रा वाकवायची वेळ घरामागं विमान बांधायला घेतल्यावर आली. पंखातली बरगडी घडवायला लाकडी साच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वळवायचा होता. लोखंडी हातोडीनं आधीचे चारही गोलाईवर चिरले होते. शेवटचा पत्रा चढवला तेव्हा बायको कपडे धुवायचं धोपटणं घेऊन आली. "लोखंड ठेवा बाजूला. वल्या गोधडीला मारतात तसं मारा, हळू पन सारखं." मी मारत गेलो. पत्रा साच्याला बिलगत गेला. शेवटची गोलाई वळवून मी थांबलो. तिनं कडेवरून बोट फिरवलं. "चीर नाय." मी तिला उचलूनच घेतलं. "विमानात किती मानसं बसनार?" तिनं विचारलं. "दोन." तिनं माझ्या हातातलं धोपटणं काढून घेतलं. "मंग माझ्या बाजूचा पंख मी ठोकनार."