लिंबाएवढी गाठ

"पेशंट कुठे आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कामावर गेलीय," वेल्डर म्हणाला. तो खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकला होता. बाहेरच्या बाकावर सगळ्या बायका. त्यांच्यात बसून त्याचे कान लाल झाले होते. "बायको माझी. ती येत नाही, म्हणून मीच आलो."

"मग मी तपासू कोणाला?"

ठिणग्यांचे डाग पडलेला हात त्याने टेबलावर ठेवला आणि बोटं जुळवून गोल केला. "एवढी गाठ पडते, रक्ताची. लिंबाएवढी. सकाळी मोरीत पाणी ओतायचं राहिलं होतं तिचं, म्हणून दिसली. ती तिथंच पालथ्या बादलीवर बसली होती, भिंतीला डोकं टेकून. म्हटलं, हे काय? तर म्हणे, बायकांचं असतं ते, तुम्ही नाक खुपसू नका."

"गाठी बऱ्याच जणींना पडतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अंगावरून जास्त जातं त्या दिवशी रक्त आत साचतं, थिजतं. बारीकसारीक असल्या तर घाबरायचं कारण नाही. पण नाण्याहून मोठ्या पडतायत, तासा-दोन तासांत पॅड भिजतंय, चक्कर येतेय, तर घरी बसून चालत नाही. कारण शोधावं लागतं. दम लागतो का त्यांना?"

"जिन्यात मध्येच थांबते. वर मलाच म्हणते, तुमची काय घोडदौड चाललीय."

"पॅड किती वेळाने बदलावं लागतं?"

त्याने मान खाली घातली. "ते मला कुठलं ठाऊक?"

"मग त्यांनाच विचारू. लावा फोन."

त्याने फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडे लॉन्ड्रीतली यंत्रं घरघरत होती.

"काय हो, कामाच्या वेळेला?"

"अगं, मी दवाखान्यात आहे."

यंत्रांची घरघर एकदम लांब गेली.

"काय झालं तुम्हाला?" तिचा आवाज पार बदलला होता. "भाजलं का? डोळ्यांना काही झालं? कुठल्या दवाखान्यात?"

त्याने तोंड उघडलं, मिटलं. डॉक्टरबाईंकडे पाहिलं.

"चौकातल्या औषधांच्या दुकानाच्या वर," तो म्हणाला.

"निघाले मी. हलू नका तिथून."

तो जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. ती आली ती अंगातला कामाचा एप्रनही न काढता. कठडा धरून चार पायऱ्या चढली, थांबली, मग मटकन पायरीवरच बसली. तो धावत खाली गेला. तिने त्याचे दोन्ही हात ओढून घेतले, उलटेपालटे करून पाहिले, चेहरा चाचपला.

"कुठं लागलंय? दाखवा ना!"

"मला काही झालेलं नाही."

तिने वर पाहिलं. दारावरची 'स्त्रीरोगतज्ज्ञ' अशी पाटी, बाकावरच्या बायका. तिच्या ओठांना रंग असा नव्हताच.

"खोटं बोललात माझ्याशी."

"खरं सांगितलं असतं तर आली असतीस?"

त्याने हात पुढे केला; तो न धरताच ती उठली. मात्र पुढच्या पायरीवर तिने तो धरला.

आत डॉक्टरबाईंनी खुर्ची दाखवली. "बसा. त्यांना ठाऊक होतं तेवढं त्यांनी सांगितलं. पुढचं तुम्ही सांगा."

ती बसली. एप्रनचं टोक तिने बोटांत गुंडाळलं.

"डॉक्टर, हे सगळ्यांनाच असतं ना?"

"इतकं नाही."

बाहेर कुणाचं तरी मूल किरकिरत होतं.

"अहो, तुम्ही बाहेर थांबा," ती मागे न वळता म्हणाली.

तो दारापर्यंत गेला.

"आणि लांब जाऊ नका."