नखाएवढा टवका

“गेली,” पंचकाका म्हणाले, आणि टिटवीने हात वर केला नाही.

तबकडी गेली नव्हती. मैदानाच्या कडेला तबकड्या फेकणारं यंत्र ठेवलेल्या बुटक्या घराच्या खिडकीतून सुटलेली ती केशरी मातीची तबकडी भर्रकन मैदान ओलांडत होती. टिटवीच्या मैत्रिणीच्या, गोगलगायीच्या, छऱ्यांनी तिच्या कडेचा नखाएवढा टवका उडवला. टिटवीने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. उडाला, उन्हात चमकला, गवतात पडला. स्कीटचा, म्हणजे बंदुकीने उडत्या तबकड्या फोडायच्या खेळाचा, नियम तर सगळ्या पोरींना झोपेतून उठवलं तरी पाठ होता. नुसती धूळ उडाली तर तबकडी गेली, म्हणजे नेम चुकला, पण डोळ्यांना दिसेल एवढा टवका उडाला की फुटली. पंचकाकांच्या तोंडावर नेमकं ऊन आलं होतं. अशा वेळेसाठीच बाजूला खुर्ची ठेवलेली असते. खुर्चीवर बसणाऱ्याने स्वतःहून काही बोलायचं नसतं. पंचांपेक्षा वेगळं दिसलं तर लगेच हात वर करायचा, बस्स. या फेरीला खुर्चीवर टिटवी होती.

गोगलगायीला गोगलगाय म्हणायचे ते ती सगळं सावकाश करायची म्हणून, आणि टिटवीला टिटवी ते तिचं तोंड चोवीस तास चालू असायचं म्हणून. गप्प बसणं तिला आयुष्यात पहिल्यांदा जमलं, ते नेमकं तेव्हा.

माणसं कमी, म्हणून एक गट खेळताना दुसऱ्या गटातल्या पोरींनी खुर्चीवर बसायचं, असा त्या मैदानाचा जुना रिवाज होता. चोराच्याच हाती किल्ल्या. पण आजवर कोणी चोर निघालं नव्हतं, म्हणून चाललं होतं. टिटवीच्या खुर्चीखाली गोगलगायीची निळी बाटलीही सकाळपासून तशीच पडलेली होती.

गोगलगायीने वळून खुर्चीकडे पाहिलं. टिटवी पटकन खाली वाकली आणि बुटाची नाडी बांधू लागली. बुटाला नाडी नव्हतीच, चिकटपट्टी होती.

मग गोगलगायीने मान हलवली, बंदुकीत नवं काडतूस घातलं, नेहमीसारखा लांबलचक श्वास घेतला आणि म्हणाली, “सोड.” पुढची तबकडी उडाली. आता आधीचा निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ब्रह्मदेव आला तरी बदलणार नव्हता.

तासाभराने फळ्यावर आकडे लागले. सव्वाशेपैकी टिटवी एकशे चौदा, गोगलगाय एकशे तेरा. परदेशातल्या जागतिक स्पर्धेसाठी मुलींच्या संघात एकच जागा उरली होती. ती टिटवीची झाली. सरांनी तिची पाठ एवढी थोपटली की बरगड्या मोजून झाल्या. आई फोनवर रडली. मागून बाबा बहुतेक अख्ख्या इमारतीला ओरडून सांगत होते. टिटवी सगळ्यांना हो हो म्हणत राहिली.

ती मैदानात गेली आणि तो टवका शोधू लागली. सापडला तर काय करणार होती, तिचं तिलाच माहीत नव्हतं. पण मैदानभर टवकेच टवके होते. वर्षानुवर्षांचे, हजारो, सगळे केशरी. जिकडे पाय टाकावा तिकडे काहीतरी करकरायचं.

“काय हरवलं गं?” मागून गोगलगाय आली. रडून तिचं नाक लाल झालं होतं, आणि ते झाकायला तिने चेहरा धुतला होता. तिने स्वतःचा पिवळा चष्मा टिटवीच्या हातात ठेवला. तिकडे ढगाळ असलं तर तबकडी यातूनच नीट दिसेल, म्हणाली. आणि हरवलास तर घरी येऊ नकोस, असंही म्हणाली.

टिटवीने चष्मा घेतला नाही, परतही दिला नाही. “ती बुटक्या घरातली,” ती कशीबशी म्हणाली. “तुला काय वाटलं?”

“मला वाटलं टवका उडाला. भांडणारच होते काकांशी.” गोगलगायीने खांदे उडवले. “मग बघितलं तर खुर्चीवर तू. म्हटलं, हिला दिसला नाही म्हणजे नसेलच उडाला.”

टिटवीने तोंड उघडलं. नेमका तेव्हाच पंचकाकांनी टेबलापासून आवाज दिला. सकाळपासून हिची सही राहिलीय, म्हणे, आणि ही मैदानात बागडतेय. त्या हाकेचं टिटवीला इतकं बरं वाटलं की ती जवळजवळ पळालीच.

गुणपत्रिकेवर तिच्या नावापुढे ओळीने तिरक्या रेघा होत्या. फुटलेल्या तबकडीला रेघ, गेलेलीला शून्य. सकाळच्या फेरीच्या अगदी शेवटच्या चौकटीत मात्र शून्य होतं आणि त्याच्यावरून ओढलेली रेघ होती.

“काका, हे काय खोडलंय?”

“तू थांबतेस कुठे निकाल ऐकायला? शेवटचा बार काढलास की निघालीस, तोंड सुरू.” पंचकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “मी गेली म्हणालो होतो. तुझ्या या मैत्रिणीने खुर्चीवरून हात वर केला. विचारलं तर म्हणाली टवका उडालाय, नखाएवढा. मला दिसला नव्हता, पण ही पोर उगाच हात वर करायची नाही. तेवढ्या एका तबकडीने तू पुढे आहेस बघ. कर सही.”

टिटवीने पेन कागदावर टेकवलं. गोगलगाय शेजारीच उभी होती, खुर्चीखालची निळी बाटली उचलून घटाघटा पाणी पीत. शाईचा एक ठिपका उमटला, पसरला. टिटवीने पेन खाली ठेवलं.

“सही कर म्हटलं ना,” पंचकाका म्हणाले. “हात कशाला वर करतेस?”