मामा दुसऱ्यांदा आले तेव्हा

सरांनी मामांची गोष्ट संपवली आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. व्याख्यानाचा विषय होता ‘सखोल समज’. मामा घड्याळं दुरुस्त करायचे. बंद पडलेलं घड्याळ आलं, की उघडण्याआधी ते बराच वेळ कानाला लावून बसायचे. बंद घड्याळात ऐकता काय, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “हे कुठे अडलं, ते.”

सर पाणी प्यायले. चष्मा पुसला. म्हणाले, “माझे एक मामा होते. घड्याळं दुरुस्त करायचे.”

गोष्ट पुन्हा झाली, एक शब्दही न बदलता. अध्यक्षांनी मनापासून मान डोलावली. पहिल्या खेपेला त्यांचा डोळा लागला होता. पुढच्या रांगेतल्या कवीने ती पुन्हा लिहून घेतली आणि शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, “मुद्दाम सांगतायत. सखोल म्हणतात ते हेच.”

तिसऱ्या रांगेत सरांची बायको बसली होती. गणिताची निवृत्त शिक्षिका; सगळे तिला बाईच म्हणत. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सरांच्या विसरण्याचं जे नाव सांगितलं होतं, ते या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. “एवढं एक व्याख्यान नीट होऊ दे, मग थांबतो,” असं सर म्हणाले होते.

“माझे एक मामा होते,” सर म्हणाले आणि अडले. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, मग श्रोत्यांमध्ये कुणाला तरी शोधू लागले.

बाई ताडकन उभ्या राहिल्या. “अहो, मी दूध गॅसवरच ठेवून आले वाटतं!”

हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, इथे विषय काय चाललाय आणि तुमचं काय! जरा समजून घ्या हो.”

सरांचा चेहरा सैल झाला. “मित्रहो,” ते म्हणाले, “समज जरा थांबेल. दूध थांबायचं नाही. रजा घेतो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कवीने हेही लिहून घेतलं.

जिन्यात कार्यवाहांनी बाईंना गाठलं. “रागावू नका, पण निघताना गॅस बघत जा. केवढ्या उंचीवर गेलं होतं व्याख्यान!”

“हल्ली विसरायला होतं मला,” बाई म्हणाल्या.

रस्त्यावर आल्यावर सरांनी विचारलं, “मामा किती वेळा आले?”

“एकदाच.”

“गणिताची बाई ना तू?”

“दोनदा. तिसऱ्यांदा यायला निघाले, तेवढ्यात मी दूध ठेवलं.”

सर हसले. मग हळूच म्हणाले, “कुणाला कळलं?”

“छे! कवी तर म्हणत होता, दुसऱ्यांदा जास्त भिडले.”

दोघं चौकापर्यंत आले.

“आभार मानायचे राहिलेच,” सर म्हणाले.

“कार्यवाह मानतील की. हौस आहे त्यांना.”

“मी कार्यक्रमाचं म्हणत नाहीये.”

बाईंनी वाकून चपलेचा पट्टा नीट केला. तो नीटच होता.

वाहनं थांबली. इतकी वर्षं रस्ता ओलांडताना सर बाईंचं मनगट धरून त्यांना जवळजवळ ओढत नेत. आज त्यांनी आपला हात पुढे केला आणि तो धरला जायची वाट बघत उभे राहिले.